नरवाई पेटवू की कुजवू? आणि काळ्या जमिनीतलं जुनं नत्र गेलं कुठे?

सांवेर_रस्ता (रविवार, रात्री ९:५०)

मंडळी, रामराम.

राहायला इंदुरात राजेंद्र नगरला, शेती सांवेर तहसिलीत. बारा बिघे, म्हणजे आपल्याकडच्या ढोबळ हिशोबानं तीन हेक्टर. वडील होते तोवर मी फक्त होळे खायला जात असे, गेली सहा वर्षं सगळं माझ्या गळ्यात आहे. सोयाबीन, त्यावर गहू, एका तुकड्यात लसूण.

गहू निघाला. हार्वेस्टर वरची कणसं घेऊन गेला, खाली वीतभर नरवाई उभी आहे. (महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी: नरवाई म्हणजे कापणीनंतर उभे राहिलेले गव्हाचे खुंट. आम्ही इंदुरी मराठी लोक अर्धे शब्द मालवीतूनच उचलतो.) काल रात्री शेजारच्यानं काडी लावली. बंदी आहे, पण रात्री बघायला कोण येतो? सकाळी गेलो तर माझ्या बांधापर्यंत काळंठिक्कर, आणि बगळे भाजलेले किडे टिपत होते. माझा बटाईदार म्हणतो, "भैया, आपण पण लावून टाकू, जूनमध्ये पेरणीला फण अडकतो."

हो म्हणणारच होतो. पण गेल्या आठवड्यात वडिलांच्या ट्रंकेत १९९६ चा माती तपासणीचा कागद सापडला. सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या अवशेषांतला कार्बन) ०.६२ टक्के. माझ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर ०.४१.

मी आकडेमोडीचा माणूस, बसलो कागद घेऊन. हेक्टरभर जमिनीची वरची १५ सेंटीमीटर माती साधारण २० लाख किलो भरते. फरक ०.२१ टक्क्याचा, म्हणजे ४,२०० किलो कर्ब. ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात, दहा-साडेदहा भाग कर्बामागे एक भाग नत्र (नायट्रोजन) असतं असं वाचलं. म्हणजे हेक्टरी ४०० किलो नत्र गायब! युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. हेक्टरी एकोणीस-वीस गोण्या झाल्या, बारा बिघ्यांत साठेक.

आणि या सगळ्या वर्षांत युरिया एकदाही चुकवलेला नाही. उलट वाढवलाच. मग हे गेलं कुठे? की माझा हिशोबच चुकला?

---

पोहे_शेव (रविवार, रात्री १०:१२)

शेतीतलं ओ की ठो कळत नाही, पण साठ गोण्यांची चोरी वाचून जागा झालो. धाग्यावर बसतो.

---

चिकणमाती (रविवार, रात्री ११:३०)

सांवेरदादा, हिशोब चुकलेला नाही, पण त्यावर लगेच फिर्याद लिहू नका. मी मृदाशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. तेव्हा आधी मास्तरीणपणा.

एक, १९९६ चा नमुना किती खोलीचा होता हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. वरची दहा सेंटीमीटर घेतली की कर्ब जास्त दिसतो. दोन, मधल्या काळात पलटी नांगर लावला असेल तर खालची गरीब माती वर येऊन मिसळली असेल. ते नत्र हरवलेलं नाही, पातळ झालंय. तीन, एका शेतात दोन ठिकाणची माती घेतली तरी ०.१ चा फरक सहज पडतो. एवढं वजा करूनही दिशा बरोबर आहे, खालीच जाणारी.

आता मुद्दा. जमिनीतल्या एकूण नत्रापैकी ९५ टक्क्यांहून जास्त सेंद्रिय रूपात असतं. म्हणजे कुजलेल्या मुळांत, जिवाणूंच्या मेलेल्या शरीरांत, चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेलं. पीक ते थेट खाऊ शकत नाही. जिवाणू त्यातून दर वर्षी दोन-चार टक्के मोकळं करतात, अमोनियम आणि मग नायट्रेट. कणगी भरलेली आहे, पण खालच्या भोकातून रोज ओंजळभरच दाणे पडतात, तसं. तुमच्या पत्रिकेवरचं "उपलब्ध नत्र : कमी" हे साधारण त्या ओंजळीबद्दल बोलतं, कणगीबद्दल नाही. २८० किलोच्या खाली गेलं की "कमी" छापायचं, एवढंच. कणगीतलं एकूण मोजायचं तर केल्डाल पद्धत हवी. डेन्मार्कमधली, १८८३ ची, अजून चालते. कार्डासाठी ती कोणी करत नाही.

---

सांवेर_रस्ता (सोमवार, सकाळी ७:०५)

ताई, एक विचारू? मागे मी लसणाच्या तुकड्याची आणि गव्हाच्या तुकड्याची माती वेगवेगळी दिली होती. दोन्ही कागदांवर उपलब्ध नत्र दशांशापर्यंत सारखं! लसणाला तर दर वर्षी तीन ट्रॉल्या शेणखत जातं.

---

चिकणमाती (सोमवार, सकाळी ८:४०)

कुठल्या प्रयोगशाळेनं हे केलं ते इथे लिहू नका, पण हा अनुभव अनेकांचा आहे. नत्र प्रत्यक्ष मोजायचं तर क्षारीय परमँगनेट टाकून ऊर्ध्वपातन करावं लागतं, वेळ जातो. बरेच जण सेंद्रिय कर्बाच्या आकड्याला ठरलेल्या गुणकानं गुणून मोकळे होतात. दशांशापर्यंत सारखं म्हणजे एक तर तेच, नाहीतर कुणीतरी ओळ खाली ओढली.

---

गोठेवाला_महू (सोमवार, दुपारी १:२०)

ताई, गणित छान, पण माझा साधा सवाल. आम्ही हेक्टरी १२० किलो नत्र गव्हाला देतो. गहू घेतो ४५ क्विंटल. मग जमिनीतून कशाला जाईल? वरून दिलं, वरून खाल्लं.

---

चिकणमाती (सोमवार, रात्री ९:१५)

दादा, सगळ्यांची गल्लत इथेच होते, म्हणून जरा लांबण लावते.

४५ क्विंटल गव्हाच्या दाण्यात साधारण ८५ किलो नत्र जातं, भुशात आणखी २० धरा. झाले १०५. तुम्ही टाकलं १२०. कागदावर जमिनीला १५ शिल्लक, नाही का? पण खूण केलेलं नत्र, म्हणजे नत्राचा जड समस्थानिक, खतात घालून पिकाच्या अंगात शोधलं की दिसतं ते असं: दिलेल्या खतातलं पिकाला तीस ते पन्नास टक्केच मिळतं. चाळीस धरलं तर १२० मधले ४८. उरलेले ५७ किलो तुमच्या गव्हानं जमिनीच्या कणगीतून उचलले. युरियावर वाढलेलं पीकसुद्धा निम्म्याहून जास्त जेवण जमिनीच्या ताटातूनच करतं.

आणि खतातले उरलेले ७२? थोडं मातीत सेंद्रिय रूपात अडकतं, ती खरी बचत. बाकीचं उडतं आणि वाहतं. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास. ओल्या जमिनीवर वरून युरिया फेकला आणि तसाच राहू दिला की अमोनिया होऊन हवेत. दुपारी शेतात नाकाला झोंबतो ना, ते तुमचे पैसे. पाणी साचलं की जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात, तो तर वासानंही कळत नाही.

तेव्हा प्रश्न "वरून किती टाकलं" एवढाच नाही. कणगीतून उचलले ५७, आणि कणगीत परत काय गेलं? मुळं आणि वीतभर नरवाई. ती पेटवलीत तर तिच्यातलं नत्र जवळजवळ सगळं धुरात. राखेत पालाश (पोटॅश) राहतं, स्फुरद (फॉस्फरस) राहतं, नत्र नाही.

---

शून्य_खर्च (सोमवार, रात्री १०:४४)

इतकं लिहून ताईंनी मूळ चोराचं नाव घेतलंच नाही. युरिया! युरियानं जिवाणू पिसाळतात आणि ह्यूमस खाऊन टाकतात. आमच्या बडनगरकडे ज्यांनी युरिया बंद करून जीवामृत सुरू केलं त्यांच्या जमिनीत बोट घातलं तर आत जातं. रासायनिकवाल्याच्या शेतात सब्बल लागते.

---

गोठेवाला_महू (सोमवार, रात्री ११:०२)

शून्यभाऊ, भांडण नाही, पण जीवामृताचा हिशोब मी केलाय, शेण माझंच जातं ना! २०० लिटरच्या ड्रममध्ये दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. सगळं मिळून नत्र पाव किलोच्या आत. एकराला पाव किलो! सोयाबीनचा एक क्विंटल सहा किलोच्या वर नत्र घेऊन मंडीत जातो.

---

शून्य_खर्च (मंगळवार, सकाळी ६:३०)

ते खत नाहीच, विरजण आहे. विरजणाचं वजन कोण करतं? आणि आच्छादन विसरलात. आमच्या पद्धतीत जमीन कधी उघडी नसते.

---

पोहे_शेव (मंगळवार, सकाळी ९:००)

विरजण मान्य. पण दूध कोण आणणार?

---

चिकणमाती (मंगळवार, दुपारी ४:१०)

पोहे_शेव, शेतीतलं काही कळत नाही म्हणालात, आणि वाक्य मृदाशास्त्राचं टाकलंत.

शून्य_खर्च, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेत नाही. यावर खरंच वाद झालाय. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मॉरो प्लॉट्स म्हणून १८७६ पासून चालू असलेले प्रयोगाचे तुकडे आहेत. तिथल्या नोंदींवरून २००९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की भरपूर कृत्रिम नत्र देऊनही, अवशेष परत जाऊनही, मातीतलं एकूण नत्र घटलं. त्याला लगेच उत्तर आलं ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रवाल्यांकडून. त्यांच्याकडे ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे, १८४३ पासून त्यात गहू. त्यांचं म्हणणं असं की खत दिलेल्या तुकड्यात बिनखताच्या तुकड्यापेक्षा सेंद्रिय नत्र थोडं जास्तच आहे. कारण साधं. पीक मोठं, मुळं मोठी, धसकटं जास्त.

मग खरं कोण? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मॉरो प्लॉट्सवर कुरणाची जमीन फोडून शेती झाली, म्हणजे कणगी काठोकाठ होती, ती उतरणारच होती. युरियानं ती उतरण थांबवली नाही, एवढं नक्की. युरिया जमीन "खातो" असं म्हणायला तेवढा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. पण युरिया कणगी भरतो असं म्हणणाऱ्याला मी त्याहून जास्त रागावेन.

ब्रॉडबाल्कवरचाच दुसरा तुकडा बघा. १८४३ पासून दर वर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. तिथलं सेंद्रिय नत्र दुपटीहून जास्त झालं. पहिली वीस वर्षं भराभर चढलं, मग रखडत. आणि ३५ टनांत २४० किलोच्या आसपास नत्र जातं, त्यातलं बरंच पावसाबरोबर खाली गेलं. म्हणजे शेणखतवाल्यांनीही फार मिशीला पीळ देऊ नये. त्यांच्याच बार्लीच्या शेतात, हूसफील्डला, १८५२ ते १८७१ एवढीच वीस वर्षं शेणखत देऊन बंद केलेला तुकडा आहे. शंभर वर्षांनंतरही त्या मातीत शेजारच्या कधीच खत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा जास्त नत्र सापडलं.

आणि घरचं उदाहरण हवं असेल तर जबलपूर. आपलीच काळी माती, आपलंच सोयाबीन-गहू, १९७२ पासूनचा दीर्घकालीन खत प्रयोग. नुसतं नत्र देत राहिलेला तुकडा मागे पडला, नत्र-स्फुरद-पालाश संतुलित दिलेला टिकला, आणि त्यावर शेणखत दिलेला सगळ्यांच्या पुढे गेला, पिकातही आणि सेंद्रिय कर्बातही.

---

जुना_इंदूरकर (मंगळवार, रात्री ८:२०)

एवढं रोथॅमस्टेड चाललंय आणि आपल्या गावाचं नाव कुणी घेत नाही! कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर "इंदूर पद्धत" म्हणतात ती इथलीच. होळकर दरबारानं दिलेल्या ३०० एकरांवर १९२४ मध्ये आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं संस्था काढली, आता तिथे कृषी महाविद्यालय आहे. आणि १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्डबरोबर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे, रसायनाची बाजू त्यांची. हॉवर्डचा पुतळा आपण मनातल्या मनात उभारतो, वाडांचं नाव मराठी घरांतही कुणाला ठाऊक नाही. कंपोस्ट म्हणजे काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थरांवर थर. तीनदा उलथापालथ, नव्वद दिवसांत तयार.

---

गोठेवाला_महू (मंगळवार, रात्री ८:४५)

ती मूत्र मुरलेली माती महत्त्वाची आहे हो. जनावराच्या मूत्रात शेणापेक्षा जास्त नत्र, आणि आपण गोठ्याला सिमेंट करून ते नालीत सोडलं. मी पण केलं. गेल्या वर्षापासून गव्हाणीमागे पुन्हा मुरूम-माती टाकतो, दर पंधरा दिवसांनी उकरून उकिरड्यावर. म्हशींचे पायही बरे राहिले.

---

पोहे_शेव (मंगळवार, रात्री ९:३०)

शहरातून दूध, म्हणजे विरजणाला लागणारा सेंद्रिय माल, आणता येईल का पण? देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा कारखाना आहे, २०२२ पासून. त्यातून खतही निघतं. माझ्या घरची सालं तिथे जातात, सांवेरदादांच्या शेतात परत गेली तर मला बरं वाटेल. पिढ्यान्पिढ्या गहू खेड्यातून शहरात आला, त्यातलं नत्र नाल्यातच गेलं ना?

---

सांवेर_रस्ता (मंगळवार, रात्री १०:१०)

पोहे_शेव, चौकशी करतो. वाहतूक परवडली तर.

पण ताई, माझी अडचण वेगळी आहे. सोयाबीन तर हवेतलं नत्र जमिनीत घालतं ना? लहानपणापासून ऐकलं. मग दर खरिपाला कणगी भरायला हवी होती.

---

चिकणमाती (बुधवार, सकाळी १०:३०)

सोयाबीनबद्दल लोक माझ्यावर चिडतात, पण लिहिते.

हेक्टरी १५ क्विंटल सोयाबीन म्हणजे दाण्यात नव्वदेक किलो नत्र मंडीत गेलं. अख्ख्या झाडात, मुळं-पानं धरून, १२० च्या आसपास. त्यातलं गाठींनी हवेतून आणलं पन्नास-साठ टक्के, म्हणजे ६५-७० किलो. आणलं ७०, नेलं ९०. जमीन वीस किलोंनी खालीच. मळणीचा भुसा धुऱ्यावर ढीग लावून जाळलात तर आणखी खाली. हरभरा याहून बरा, ताग-धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं गाडली तर खरा नफा, कारण काहीच बाहेर जात नाही.

मग सोयाबीनवरचा गहू हिरवागार का दिसतो? पिकायच्या वेळी पानं गळून शेतात पडतात. ती मऊ, नत्रानं भरलेली, पटकन कुजतात आणि डिसेंबरात गव्हाला मिळतात. हातात पडतं म्हणून वाटतं की जमीन श्रीमंत झाली.

आता नरवाई. गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागे ऐंशी भाग कर्ब. ते मातीत गेलं की जिवाणूंना कर्ब पोटभर मिळतो, नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं मोकळं नत्र उचलून अंगात दाबून ठेवतात. पीक पिवळं पडतं. याच भीतीनं लोक पेटवतात. पण दादा, तुमच्याकडे नरवाईनंतर येतं काय? सोयाबीन! आपलं नत्र आपण आणणारं पीक. मातीत मोकळं नायट्रेट कमी असलं की त्याच्या गाठी उलट जास्त धरतात. काड कुजवायला सोयाबीनच्या आधीच्या वेळेइतका सोयीचा मुहूर्त वर्षात दुसरा नाही. जिवाणूंनी अंगात दाबलेलं नत्र त्यांच्या मरणानंतर सेंद्रिय नत्रच होतं. कणगी अशीच भरते. कर्बाशिवाय नत्र टिकत नाही आणि नत्राशिवाय कर्ब टिकत नाही, दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले.

---

वऱ्हाडी_काका (बुधवार, दुपारी २:००)

अकोल्याहून लिहून राहिलो. आमच्याकडे काड पाण्याशिवाय मे महिन्यात कुजत नाही, तुमच्याकडेही नसणार. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते तसंच राहतं. तेव्हा आता रोटाव्हेटर फिरवून मातीचं पीठ करू नका. एकदा उथळ पाळी, पावसानंतर कुजतंच. उसाच्या पाचटाला टनामागे आठ किलो युरिया टाकून कुजवतात, गव्हाच्या काडालाही थोडा चालेल. आणि पेरणीला फण अडकतो तर काड बारीक करून पसरवा, ढीग राहू देऊ नका.

जाता जाता एक करून पाहा. बांधावरच्या गवताखालचं सुपारीएवढं ढेकूळ घ्या, शेतातलं तेवढंच घ्या. दोन्ही सुकवा. मग पाण्यानं भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत हळूच सोडा.

---

चिकणमाती (बुधवार, दुपारी २:२५)

काका, +१. रोटाव्हेटरबद्दल मी लिहायचं विसरले. ढेकळाच्या आत जिवाणू पोचू शकत नाहीत म्हणून तिथलं सेंद्रिय नत्र सुरक्षित असतं. ढेकूळ फोडलं की कणगीचं भोक मोठं केलं. त्या वर्षी पीक छान येतं, हीच पंचाईत.

---

सांवेर_रस्ता (शनिवार, रात्री ८:५०)

काका, केलं. आईचे चांगल्यातले पेले वापरले म्हणून बोलणी खाल्ली, ते सोडा.

शेतातलं ढेकूळ पाण्यात पडताच भसाभसा बुडबुडे सोडायला लागलं. कडा सुटल्या, भात फुलावा तसं फुगलं, आणि मी चहा संपवेपर्यंत तळाशी चिखलाचा ढीग. पाणी कोकोसारखं. बांधावरचं तसंच बसून होतं. दोन-चार बुडबुडे, बस. तासाभरानं मी पेला तिरपा केला तरी आकार तोच, आणि मधून एक बारीक पांढरं मूळ बाहेर आलेलं. पाणी जवळजवळ नितळ. अंतर किती? वीस पावलं. माती तीच, पाऊस तोच. बांधावर कधी नांगर गेला नाही आणि तिथलं गवत कुणी पेटवलं नाही.

बटाईदाराला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ पेल्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "भैया, आपलं तर विरघळलं." नरवाई पेटवायची नाही असं ठरलं आहे. निदान आठ बिघ्यांत. चार बिघे त्याच्या मनासारखे, तिथे तो भुसा मशीन लावून काड काढणार, गायीला हवं म्हणतो. जाळणार नाही एवढं वचन घेतलं.

---

शून्य_खर्च (शनिवार, रात्री ९:३०)

बघा! बोट आत जातं म्हणत होतो ते हेच. युरियाच्या बाबतीत माझं मत तेच आहे, पण पेल्याला दंडवत.

---

चिकणमाती (शनिवार, रात्री ९:४०)

दादा, बांधावरचं ढेकूळ सेंद्रिय पदार्थानं बांधलेलं होतं म्हणून पाण्यात टिकलं. आता त्या चारही ठिकाणची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या: बांध, आठ बिघे, चार बिघे, लसूण. तीन-चार वर्षांत कर्बाचा आकडा हलला नाही तर निराश होऊ नका, तो हळूच हलतो. पण आजचा पाया नीट मोजून ठेवा, वडिलांच्या कागदासारखं व्हायला नको.

---

सांवेर_रस्ता (शनिवार, रात्री ९:५५)

उद्याच घेतो. किती खोल?

---

चिकणमाती (शनिवार, रात्री ९:५८)

पंधरा सेंटीमीटर. खुरप्यावर खडूनं खूण करा, आणि खोली पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहा. पेन्सिलनं, शाई ओल धरते.